नाताळ झाला की पोरं चर्चकडे फिरकत नाहीत

मोहोळ तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गावात पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं आणि पत्र्याच्या छपराचं जुनं चर्च. पाळकसाहेबांकडे आणखी चार गावं असल्यामुळे ते महिन्यातून दोनच रविवार येतात. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, या ताई एकट्याच चालवतात. नाताळच्या कार्यक्रमासाठी दीड महिना रोज दिवेलागणीला तालीम असते. तरी दर वर्षी मरिया कुणाची मुलगी होणार यावरून बायकांत रुसवेफुगवे, तरुण पोरांचा मोठ्या स्पीकरचा आणि डान्सचा हट्ट, म्हाताऱ्यांचं ‘देवाच्या घरात हा काय गोंधळ’ हे ठरलेलंच. २५ डिसेंबरला चर्च भरतं आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी सतरंजीवर चार मुलं दिसतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आया मुलांना घरीच ठेवतात. मंडळीतली काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्या मुलांचा नाताळ दर वर्षी हुकतो. वस्तीवरची ख्रिस्ती नसलेली मुलंही तालमीला येऊन बसतात. त्यांना येऊ द्यावं की नको यावर मंडळीत दोन तट पडले आहेत. आता कमिटीतल्या काही जणांचं म्हणणं आहे की गावातला कार्यक्रम बंद करावा आणि नाताळला गाडी ठरवून सगळ्या मुलांना सोलापूरच्या मोठ्या चर्चला न्यावं, ‘तिथं पोरांना खरा नाताळ तरी बघायला मिळेल.’ ताई विचारतात, ‘कार्यक्रम आणखी चांगला कसा करू, म्हणजे मुलं टिकतील? की हे सगळं सोडूनच देऊ?’

ताई, सलाम.

सोडू नका. पण कार्यक्रम आणखी चांगला करण्याच्या मागेही लागू नका, कारण माझ्या मते दुखणं तिथं नाही. कार्यक्रम फिका पडतो म्हणून मुलं येईनाशी होतात, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचंच पत्र वेगळं सांगतं. दीड महिना, थंडीत, शाळा सुटल्यावर पोटात दोन घास घालून मुलं तालमीला धावत येतात. त्या दीड महिन्यात एकही मूल गळत नाही. गळतात ती २५ तारखेनंतर. मग त्या दीड महिन्यात असं काय होतं, जे नंतर उरत नाही? तालमीत त्यांच्यावाचून अडत होतं. एक मेंढपाळ आला नाही तर सगळे खोळंबत होते, कुणीतरी त्याच्या घरी हाक मारायला जात होतं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्या मेंढपाळावाचून कुणाचं काही अडत नाही, आणि मुलांना हे बरोबर कळतं.

तुमच्याच गावातला गणपती डोळ्यांसमोर आणा. वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरतात ती पोरं. मांडवाच्या दोऱ्या ओढायला पोरं, आरतीला टाळ धरायला पोरं, प्रसादाचं खोबरं फोडायला पोरं. मूर्ती आणायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी चढून बसतात तीही तीच. त्यांना तिथं कुणी स्टेजवर उभं करून टाळ्या देत नाही, पण दहा दिवस ती राबतात आणि म्हणून तो सण त्यांना आपला वाटतो. चर्चमध्ये मात्र सतरंज्या मोठी माणसं अंथरतात, मेणबत्त्या मोठी माणसं लावतात, घंटेची दोरी मोठ्यांच्या हातात, फराळ महिला मंडळाच्या हातात. मुलांच्या वाट्याला पाच मिनिटांचं नाचगाणं, आणि ते संपलं की ‘गप्प बसा’.

तेव्हा मुलांना भूमिका कमी आणि कामं जास्त द्या, आणि ती वर्षभर द्या. माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे.

पवित्र शास्त्रातही मुलांची जागा बघ्यांची नाही. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाची, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाची, आज्ञा होते तेव्हाच म्हटलं आहे की तुमची मुलं विचारतील, या सेवेचा अर्थ काय. आणि तुम्ही त्यांना सांगायचं आहे. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून रचले गेले, ते पुढं लेकरांनी ‘हे धोंडे कशाचे?’ असं विचारावं म्हणून. यहुदी घरांत आजही वल्हांडणाच्या रात्री घरातलं सर्वांत धाकटं मूल प्रश्न विचारतं आणि त्याच्या प्रश्नावर पुढची सगळी कथा उलगडते. मुलानं विचारल्याशिवाय सण पुढं सरकायचाच नाही, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्या नाताळच्या उपासनेत हे सहज करता येईल. पहिली घंटा झाली की सहा-सात वर्षांच्या एखाद्या लेकरानं उभं राहून मोठ्यानं विचारायचं, ‘आज एवढे दिवे का लावलेत?’ आणि मंडळीतल्या सर्वांत वृद्ध माणसानं त्याला उत्तर द्यायचं. पाठ केलेलं भाषण नको, त्यांना येईल तसं. ‘गोंधळ, गोंधळ’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना असं काम द्या. त्यांची नाराजी बरीचशी आपल्याला कुणी विचारत नाही याची असते.

ती नाराजी उरलीच, तर मत्तयाचा एकविसावा अध्याय त्यांच्यासमोर वाचा. मंदिरात मुलं ‘होसान्ना’ म्हणून ओरडत होती आणि मुख्य याजक व शास्त्री संतापले. येशूनं आठव्या स्तोत्राचा आधार देऊन मुलांची बाजू घेतली.

आता गाडी करून सोलापूरला जाण्याचं. या सूचनेत तथ्य आहे, ती झटकून टाकू नका. तुमच्या गावच्या शाळेत एका वर्गात ख्रिस्ती मुलं असून असून किती असणार, एक किंवा दोन. अशा मुलानं एकदा तरी शेकडो माणसं एका सुरात ख्रिस्तजन्माची गीतं गाताना ऐकावीत. आपण एवढेसेच नाही, हे त्याला कळलं की वर्गातलं त्याचं बसणंही बदलतं. म्हणून मुलांना जरूर न्या, पण २५ तारखेला नको. त्या दिवशी सोलापूरच्या गर्दीत तुमची मुलं मागच्या बाकावर बसून येतील. इकडे गावातली ज्यांना गाडीत चढवत नाही अशी म्हातारी माणसं रिकाम्या चर्चमध्ये बसतील. आधीच्या आठवड्यात शहरातल्या चर्चांमध्ये गीतांच्या संध्याकाळी असतात, त्यांतल्या एकीला न्या. आणि तिथल्या पाळकसाहेबांना आधी कळवून तुमच्या मुलांना एक गीत म्हणायला मिळेल का ते विचारा. ‘खरा नाताळ’ शहरात असतो, हे मात्र मुलांच्या कानावर पडू देऊ नका. ते खरंही नाही.

खरं सांगायचं तर ख्रिस्तजन्माची गोष्ट शहरातल्या मुलांपेक्षा तुमच्या मुलांच्या जास्त जवळची आहे. शहरातल्या शब्बाथशाळेत पुठ्ठ्याचं खोकं दाखवून ‘ही गव्हाण’ असं सांगावं लागतं. तुमच्या मुलांनी त्याच सकाळी गव्हाणीत वैरण टाकलेली असते. त्यांना विचारा, अशा गव्हाणीत तान्हं बाळ ठेवायचं तर काय करावं लागेल? उत्तरं येतील. आधी जुनं चिपाड आणि लाळ लागलेली वैरण काढून टाकावी लागेल. कडब्याची ताटं टोचतात, म्हणून नुसती पानं सोलून घ्यावी लागतील. वर आजीची वाकळ. म्हैस हुंगायला येणार, तिला दावं आखूड बांधावं लागेल. एवढं बोलणं झालं की जन्माचा प्रसंग मुलांना पाठ करावा लागत नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या गावात असिसीच्या संत फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री हेच केलं होतं. गवतानं भरलेली खरी गव्हाण, खरा बैल, खरं गाढव आणून उभं केलं, म्हणजे लोकांना तो प्रसंग डोळ्यांनी दिसावा. तुम्हाला तर काही आणायलाही नको, मंडळीतल्या कुणाच्या तरी गोठ्यातच प्रसंग करा. चर्चमधून हातात दिवे घेऊन सगळ्यांनी गोठ्यापर्यंत चालत जायचं. कापसाचा बर्फ, चकचकीत कागद, सोनेरी पंख यांवरचा खर्च वाचेल.

मेंढपाळांचंही तसंच. त्या दिवसांत शिवारात कुणाच्या तरी रानात मेंढ्या बसवलेल्या असतातच. एका संध्याकाळी मुलांना तिथं घेऊन जा आणि धनगरांशी त्यांनाच बोलू द्या. रात्री आळीपाळीनं जागता का? नुकतं जन्मलेलं कोकरू थंडीत कुठं ठेवता? कुत्री कशाला भुंकतात? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आजही लांडगे आहेत, तेव्हा त्या राखणीच्या गोष्टी काही पुराणातल्या नाहीत. लूकनं लिहिलेले मेंढपाळ रात्री कळप राखत होते म्हणजे काय करत होते, हे तुमची मुलं घोंगडीवर बसून ऐकतील. मग कार्यक्रमात त्यांना संवाद लिहून देऊ नका, ऐकलेलंच बोलू द्या.

गाण्यांबद्दल तरुण पोरांशी भांडू नका. एक नाच त्यांचा असू द्या. बाकीची गीतं मात्र रेकॉर्डवर नकोत, मुलांच्या गळ्यातून यावीत. मोठा स्पीकर आला की मुलं गाणं सोडून नुसते ओठ हलवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि पदं लिहिली. तुमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात ती आहेत, आणि गावातल्या मुलांच्या कानाला ती चाल परकी नाही. पेटी, ढोलकी, चार टाळ एवढ्यावर काम भागतं. पूर्वी आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनं होत, कृष्णराव सांगळ्यांची कीर्तनं ऐकायला माणसं लांबून येत. तुमच्या गावात कुणा म्हाताऱ्याला त्यातलं एखादं आख्यान येत असेल तर तालमीच्या एका संध्याकाळी त्यांना बोलवा. आणि स्पीकर लावलाच तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेचा नियम आहे, तो तरुण पोरांकडूनच पाळून घ्या.

मरियेचं भांडण दोन गोष्टींनी मिटेल. एक म्हणजे मरिया एकच कशाला? देवदूताचा निरोप ऐकणारी एक, बेथलेहेमच्या वाटेवरची दुसरी, गव्हाणीजवळची तिसरी. डोक्यावरचा निळा पदर तोच. दुसरं म्हणजे चिठ्ठ्या. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली होती, तेव्हा आयांना तक्रारीला जागा राहणार नाही. चिठ्ठ्या मुलांसमोर, चर्चमध्ये, प्रार्थना करून उचला.

सांताक्लॉज आणायचा की नाही हे तुम्ही ठरवा. आणलात तर सगळ्या मुलांना एकसारखी वस्तू मिळेल एवढं पाहा.

वस्तीवरच्या मुलांचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यात दोन्ही तटांचं थोडं थोडं बरोबर आहे. दारात आलेल्या लेकराला परत पाठवणं येशूच्या नावानं तरी करता येणार नाही. पण आई-बापांच्या नकळत त्याला कशात सामील करून घेणंही बरोबर नाही, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणून जे कराल ते उघड करा. तुम्ही आणि मंडळीतलं एखादं वडीलधारं माणूस, त्या मुलांच्या घरी जाऊन या. ‘तुमची लेकरं आमच्याकडे गाणी ऐकायला, नाताळचा कागदी तारा करायला येतात, चालेल ना?’ असं त्यांच्या आईला विचारा. नको म्हणाली तर विषय तिथंच संपला, राग धरायचा नाही. हो म्हणाली तर ती मुलं पाहुणी. गोठ्यापर्यंत चालतील, टाळ वाजवतील, फराळ खातील. प्रार्थना म्हणायला, वचन पाठ करायला त्यांना सांगायचं नाही, आणि फराळाची पुडी त्यांना आपल्या मुलांइतकीच. शाळेच्या गुरुजींना आणि सरपंचांनाही कार्यक्रमाचं निमंत्रण द्या. गावाला जे आधीच ठाऊक असतं त्याबद्दल कुजबूज होत नाही. तुमची मुलं संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ घ्यायला जातातच की.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटली. ही मुलं त्या वेळी कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर कोपीत असतात. तुमच्या मुलांनी नोव्हेंबरात एक तारा जास्त करावा. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ, एवढंच लागतं. तो घडी होईल असा करून त्या कुटुंबाबरोबर द्यावा. नाताळच्या दिवशी फोन लावून एक कडवं सगळ्यांनी मिळून म्हणावं. पण त्यापुढं जाऊन मी असं म्हणेन की तुमच्या मंडळीनं वर्षाचा मोठा सण ईस्टरला करावा. गाळप संपलं की माणसं घरी परततात, बहुतेक वर्षी ईस्टरपर्यंत आलेली असतात. आणि ख्रिस्ती मंडळीचा मुळातला मोठा सण पुनरुत्थानाचाच आहे. नाताळला सगळी हौस संपवून आपण ईस्टरला थकलेले असतो, ही घडी बदलायला हवी.

मुलांसाठी ईस्टरची सुरुवात त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातच होते. उन्हाच्या दिवसांत लहान मुलांकडून उपवास करवू नका. मिझोराममध्ये बायका १९१० पासून रोजचा भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. तसं आपल्या मुलांनी रोज मूठभर ज्वारी एका डब्यात टाकावी. रविवार सोडून चाळीस दिवस, रोज पन्नास ग्रॅम धरले तर एका मुलाची दोन किलो होते. वीस मुलांची चाळीस किलो. ती ईस्टरच्या आदल्या दिवशी मापून कुणाला द्यायची हे मुलांनीच बसून ठरवावं. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कोण, कुणाच्या घरी कमावतं माणूस आजारी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. देणं ख्रिस्ती घरापुरतंच ठेवू नका.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) ओढ्याकाठची शिंदी आहेच. तिच्या झावळीला बुडाशी काटे असतात, तेव्हा तोडायचं काम तरुण पोरांचं, काटे साफ करून धुऊन वाटायचं मुलांचं. मिरवणूक चर्चभोवती काढण्याऐवजी ओढ्यापासून चर्चपर्यंत काढा.

आणि उत्तम शुक्रवार. आया मुलांना घरी ठेवतात यात त्यांचं चुकत नाही. दुपारी १२ ते ३, पत्र्याखाली, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश. मोठ्यांचाही जीव कासावीस होतो. पण मुलांना शुक्रवार न दाखवता थेट ईस्टरचं गाणं शिकवलं तर त्यांना वाटेल येशू कुठं तरी बाहेरगावी गेला होता, तो परत आला. खेड्यातल्या मुलांना मरण अनोळखी नसतं. त्यांनी वासरू मेलेलं पाहिलेलं असतं, आजोबांना घरातून नेताना पाहिलेलं असतं. त्यांच्यापासून हे लपवायचं कारण नाही, फक्त झेपेल एवढंच द्यायचं.

मी असं सुचवते. मुलांनी सुरुवातीला आत यावं, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा पहिला उद्गार एका मुलानं वाचावा आणि मग सगळ्यांनी बाहेर लिंबाच्या सावलीत जावं. तिथं तुमच्यापैकी कुणीतरी त्यांच्याशी क्षमेबद्दल बोलावं: गेल्या महिन्यात कुणाशी भांडण झालं, मिटलं का, मिटवायला आधी कोण गेलं. नंतर त्यांनी चर्चच्या मागच्या माठातून कळशा भराव्यात. पाचव्या उद्गाराला, म्हणजे ‘मला तहान लागली आहे’ हे वाचून झालं की मुलांनी आत येऊन प्रत्येकाला पाणी द्यावं. ज्यांचा उपवास असेल ते हात जोडून नको म्हणतील, त्यांच्यापुढंही पेला धरायचा. एखादं मूल आजीपुढं पेला धरेल आणि आजी डोळे पुसेल, मग ते विचारेल की आजी का रडली. त्या प्रश्नावर घाईनं उत्तर देऊ नका. ‘तूच तिला विचार’ म्हणा. सातव्या उद्गाराला मुलांनी पुन्हा आत असावं.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: चाबकाचे फटके, लाल रंग, खिळे ठोकल्याचे आवाज असलेला दुःखसहनाचा देखावा लहान मुलांकडून करवू नका, आणि त्यांच्यासमोरही नको. माझ्या पाहण्यात अशी मुलं आहेत जी त्यानंतर कितीतरी दिवस रात्री दचकत होती. त्या भीतीचा विश्वासाशी काही संबंध नाही.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत दफनभूमीत जा. मुलांच्या हातात खराटे, चुन्याची बादली. गवत काढायचं, कबरींना चुना लावायचा, पुसट झालेली नावं वाचायची. प्रत्येकानं आपल्या घरातल्या माणसाची कबर शोधून काढायची आणि ज्या कबरींना कुणी वारस उरलेला नाही त्या वाटून घ्यायच्या. मग ईस्टरच्या पहाटे अंधार असताना सगळी मंडळी तिथं जमेल. स्पीकर नकोच, सहाच्या आत लावताही येत नाही. उजाडता उजाडता मुलांनी ओरडायचं, ‘ख्रिस्त उठला आहे!’ आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं, ‘खरोखर उठला आहे!’ आदल्या दिवशी स्वतःच्या हातांनी चुना लावलेल्या कबरीजवळ उभं राहून ओरडताना त्या वाक्याचा अर्थ मुलांना जेवढा कळतो, तेवढा तो मला तरी कधी शब्दांत सांगता आला नसता. नंतर न्याहारीला उकडलेली अंडी. कांद्याची वाळलेली टरफलं घातलेल्या पाण्यात उकडली की त्यांना छान तांबूस रंग येतो. विकतचे रंग नकोत, आणि आपल्या जिल्ह्यात कांद्याच्या टरफलांची वाण नाही.

या सगळ्यात वर्षभराचे रविवार राहून जातात. मुलं टिकण्याचं खरं ठिकाण तेच आहे. एका पुठ्ठ्यावर कामं लिहून दाराशी लावा: घंटा, सतरंज्या, चपला रांगेत लावणं, पाणी, दानाची पिशवी, एक छोटं वाचन. प्रत्येकापुढं महिन्याभरासाठी एका मुलाचं नाव. आठ-नऊ वर्षांचं मूल हे सगळं नीट करतं, थोडं सांडलं तरी हरकत नाही. तुमच्या पत्रातला तो अडखळत बोलणारा मुलगा, ज्याला दर वर्षी झाड किंवा खांब करून उभं करतात, त्याला घंटेची दोरी द्या. ज्या मुलाचं नाव पुठ्ठ्यावर आहे आणि जे आलं नाही, त्याच्या घरी दुपारी कुणीतरी चौकशीला जावं. रागवायला नव्हे, बरं आहे ना ते पाहायला. पाळकसाहेब नसलेल्या रविवारीही घंटा मुलांनीच वाजवायची.

हे सगळं तुम्ही एकट्यानं करायचं नाही. तुम्ही दमला आहात हे पत्राच्या प्रत्येक पानावर दिसतं. स्पीकरचा हट्ट धरणाऱ्या तरुण पोरांपैकी दोघांना मुलांची गीतं बसवायला सांगा, वाजवण्याची त्यांची हौस खरी आहे. दफनभूमीचा शनिवार पुरुषांकडे, माठ आणि अंडी महिला मंडळाकडे. पहिल्या वर्षी यातलं सगळं जमणार नाही. पुठ्ठा, गोठा आणि शुक्रवारचं पाणी एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

कमिटीच्या सभेआधी पाळकसाहेबांना एकदा निवांत भेटा. उत्तम शुक्रवारचा क्रम त्यांच्या हातात असतो आणि पाच गावांच्या धावपळीत तो शेवटच्या आठवड्यात ठरतो, म्हणून पाण्याचं आत्ताच त्यांच्या कानावर घाला. सभेत गाडीला विरोध करू नका. फक्त तारीख बदलून मागा, आणि स्पीकरच्या भाड्यातले जे पैसे वाचतील त्यातून चार टाळांच्या जोड्या घेऊ द्याव्यात असा ठराव मांडा.